बोलक्या प्राण्यांचे सिनेमे : वाचक विचारतात

एखादा प्राणी माणसांच्या घरात राहायला येतो, तो बोलतो, आणि घराची घडी विस्कटून नव्याने बसते. अशा कौटुंबिक सिनेमांबद्दल आलेल्या पत्रांमधून निवडलेले हे प्रश्न. बरेचसे प्रश्न स्वतः काही करून बघू पाहणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे उत्तरांचा ओघही करण्याकडेच आहे.

पडद्यावरचा कुत्रा खरा असतो, की सगळं संगणकावर केलेलं? आणि खरा असेल, तर तोंड कसं हलतं?

तीन पद्धती आहेत, आणि एकाच सिनेमात तिन्ही वापरल्या जाऊ शकतात. खरा प्राणी घेऊन फक्त त्याचं थोबाड संगणकावर बदलायचं, आतून मोटारी बसवलेली यांत्रिक बाहुली वापरायची, किंवा प्राणी पूर्णपणे डिजिटल करायचा. ‘बेब’ (१९९५) या सिनेमात पहिल्या दोन पद्धती एकत्र होत्या. डुकराची पिल्लं इतकी भराभर वाढतात, की एका भूमिकेसाठी ४८ पिल्लं आळीपाळीने वापरावी लागली. त्या वर्षीचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं. ‘स्टुअर्ट लिटल’ (१९९९) मधला उंदीर पूर्ण डिजिटल आहे. मांजरं मात्र खरी, फक्त बोलताना त्यांची तोंडं संगणकावरची. ‘पॅडिंग्टन’ (२०१४) पर्यंत आलं की अस्वल नखशिखांत डिजिटल झालेलं दिसतं.

थोबाड बदलण्याचं काम असं चालतं. आधी शॉटमधल्या प्राण्याच्या डोक्याची हालचाल फ्रेमगणिक ट्रॅक करतात, म्हणजे शॉटमधल्या एकेका चित्रात डोकं नेमकं कुठे आहे ते संगणकात नोंदवतात. मग त्याच मापाचं त्रिमितीय थोबाड बनवून त्यावर मूळ शॉटमधलीच फर चढवतात, म्हणजे रंग आणि उजेड आपोआप जुळतो. जबडा उघडल्यावर दिसणारं सगळं, म्हणजे दात, हिरड्या, जीभ, टाळू, नव्याने तयार करावं लागतं, कारण ते मूळ चित्रणात नसतंच. मिशा विसरल्या की हमखास फसगत होते. ओठ हलला की मिशीच्या मुळाशी असलेली कातडी सरकते आणि मिशीचं टोक त्याहून जास्त सरकतं. ते झालं नाही, तर तोंड वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

चित्रणाच्या वेळी प्राण्याचं तोंड बंद हवं, ही यातली खरी अडचण. दिव्यांच्या उष्णतेने कुत्रा धापा टाकू लागला, की जीभ बाहेर, जबडा सतत हलता, आणि तो शॉट ट्रॅकिंगसाठी बाद. म्हणून सेट थंड ठेवतात, टेक लहान घेतात आणि मध्ये पाणी देतात.

तोंडाला पीनट बटर लावलं की कुत्रा बोलल्यासारखा दिसतो म्हणे. आम्ही शाळेच्या लघुपटासाठी करून बघू का?

नका करू. त्याने जे मिळतं ते चाटणं असतं, बोलणं नव्हे. जीभ नाकापर्यंत बाहेर येते, टाळूला चिकटलेलं काढायला डोकं झटकलं जातं, आणि कुठलंच वाक्य त्यावर बसत नाही. शिवाय काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर ते धोकादायक वेगाने खाली आणतं आणि यकृतालाही इजा करू शकतं. माणसाला न बाधणारी मात्रा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

या युक्तीची कीर्ती १९६१ ते १९६६ मध्ये चाललेल्या ‘मिस्टर एड’ या अमेरिकी मालिकेतल्या घोड्यामुळे झाली. पण ती गोष्ट आपणच पसरवली होती, असं त्यातले मुख्य अभिनेते ॲलन यंग यांनी नंतर सांगितलं. प्रत्यक्षात ओठाखाली नायलॉनचा दोरा होता. पुढे घोडा खुराला स्पर्श झाला की ओठ हलवायला शिकला.

मोबाइल, एक साधं एडिटिंग ॲप आणि घरचा कुत्रा, एवढ्यावर त्याला दोन वाक्यं बोलती करता येतील का? पायऱ्या सांगा.

येतील. वाक्य चार ते सहा सेकंदांचं ठेवा. त्याहून लांब झालं की हातकाम दिसू लागतं.

आवाज आधी रेकॉर्ड करा. उलटं केलं, तर कुत्रा स्थिर बसला तेवढ्या वेळात वाक्य कोंबावं लागतं. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, खोलीत पडदे आणि गाद्या असतील तर उत्तम. आवाज बारीक करायचा असेल, तर दोन-तीन सेमीटोनच (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढवा. त्यापुढे कार्टून होतं आणि शब्दही कळेनासे होतात. ज्या खोलीत दृश्य आहे, तिथला नुसता शांततेचा अर्धा मिनिट आवाजही वेगळा घ्या. तो संवादाखाली पसरला नाही, तर कुत्रा दुसऱ्याच घरातून बोलतोय असं वाटतं.

आता चित्रण. मोबाइल ट्रायपॉडवर, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेला कुत्रा कधीच पात्र वाटत नाही, पाळीव प्राणीच राहतो. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर मधेच उजेड बदलतो आणि मागाहून केलेले तुकडे जुळत नाहीत. सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रण करता आलं तर बरं, ३० असेल तरी चालेल. फक्त पूर्ण कामात एकच ठेवा. चेहरा समोरून घ्या. खाऊ लेन्सच्या अगदी शेजारी धरा आणि टेक संपल्यावर द्या. मध्येच दिला की तो मिटक्या मारत राहतो. वाक्याची लांबी अधिक दोन सेकंद, एवढा वेळ तो तोंड मिटून बसलेला हवा. एखादा नवा, हलका आवाज काढला की कुत्रा मान तिरकी करतो, पण दोन-तीनदा ऐकल्यावर सवय होते. तो आवाज सरावात खर्च करू नका, योग्य वाक्यासाठी राखून ठेवा.

काळ्या कुत्र्याच्या ओठांची रेघ दिसत नाही. बाजूने एक मंद दिवा दिला की उठून येते.

एडिटिंगमध्ये तीन थर लागतात. सर्वांत खाली मूळ शॉट. त्यावर तोंडाच्या आतला भाग म्हणून गडद तांबूस-तपकिरी आकार. निव्वळ काळा घेतला की भोक पडल्यासारखं दिसतं. सर्वांत वर मूळ शॉटचीच प्रत, पण मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त खालचा जबडा आणि हनुवटी राखलेली. हा वरचा थर खाली सरकवला की तोंड उघडतं, जागेवर आणला की मिटतं. मिटलेली अवस्था मूळ चित्रच असल्यामुळे ती नेहमी अचूक बसते, हा या रचनेचा मोठा फायदा. मास्कची ओठाकडची कड कमी धूसर ठेवा, हनुवटीखालची कड बरीच धूसर, म्हणजे छातीच्या केसांत मिसळून जाईल. कुत्रा बाजूने दिसत असेल, तर जबडा खाली सरकवून भागत नाही. कानाखालच्या सांध्यावर अँकर पॉइंट, म्हणजे थर ज्याभोवती फिरतो तो बिंदू, ठेवून फिरवावा लागतो. डोकं हलत असेल, तर नाकावर ट्रॅकर (हालचालीचा माग ठेवणारी ॲपमधली खूण) लावा आणि वरचे दोन्ही थर त्याला जोडा. नाक ओलं, चकचकीत आणि भोवतीच्या केसांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, ट्रॅकर तिथे सहसा निसटत नाही.

प्रत्येक अक्षरासाठी वेगळा आकार करत बसू नका. मिटलेलं, थोडं उघडं, उघडं, मोठं उघडं, एवढे चार पुरतात. पण दोन नियम पाळा. आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी तोंड उघडायला लागलं पाहिजे. माणूसही तोंड उघडूनच बोलतो, आणि बरोबर आवाजाच्या क्षणी उघडलेलं तोंड उशिरा उघडल्यासारखं वाटतं. दुसरं, प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ किमान दोन फ्रेम मिटलेच पाहिजेत. बाकी सगळं ढिसाळ असलं तरी प्रेक्षक माफ करतो. उघड्या तोंडातून आलेला ‘म’ लगेच ध्यानात येतो.

शेवटची युक्ती सर्वांत स्वस्त आहे: अर्धं वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर टाका. पहिले तीन-चार शब्द कुत्र्यावर, उरलेले ऐकणाऱ्या मुलीवर, आणि मग हवं तर परत कुत्र्यावर. मोठ्या खर्चाच्या सिनेमातही हेच करतात.

मुलाला समोर नसलेल्या प्राण्याशी बोलायला लावायचं आहे. नजर कायम भलतीकडे जाते. काय करावं?

तुमच्या अडचणीचा मोठा भाग डोळ्यांच्या रचनेत आहे. जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे किंचित आत वळतात. अर्ध्या मीटरवर प्राणी असायला हवा आणि मूल मागच्या भिंतीकडे बघत असेल, तर दिशा बरोबर असूनही तो प्राण्याच्या आरपार बघतोय हे कळतं. त्यामुळे ‘कल्पना कर’ हे सांगणं निरुपयोगी आहे. तिथे काहीतरी असलंच पाहिजे. साध्या दृश्यात काठीच्या टोकाला लावलेला चेंडू, नेमक्या उंचीवर. बोलण्याचं दृश्य असेल, तर प्राण्याच्या मापाची मऊ बाहुली आणि ती हलवणारा माणूस टेबलाखाली. संवादही त्यानेच म्हणायचे. कॅमेऱ्यामागून कुणी सपाट आवाजात वाचले, तर मूल आवाजाकडे वळतं.

दोन नट एकाच प्राण्याकडे बघत असतील, तर दुप्पट काळजी घ्या. टेबलावरून तो पळत जातोय असं दृश्य असेल, तर काठीवरचा चेंडू एकदा खरोखर तसा पळवून दाखवा आणि वाटेत दोन-तीन खुणा ठरवा: बशी, दिवा, टेबलाचं टोक. मग चेंडू काढून टाका आणि मोठ्याने अंक मोजा, एकाला बशी, दोनला दिवा, तीनला टोक. दोघांच्या माना एकत्र वळल्या की नसलेला प्राणी दिसू लागतो. एकाची मान अर्धा सेकंद मागे राहिली, तर दोन प्राणी दिसतात!

दर मांडणीसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या दर नव्या जागेसाठी, क्रम साधारण असा ठेवा. एक टेक बाहुलीसह, म्हणजे प्राण्यावर उजेड कसा पडतो याचा पुरावा राहील. मग बाहुलीविना टेक, जे प्रत्यक्ष वापरायचे. नंतर क्लीन प्लेट, म्हणजे कॅमेरा जराही न हलवता नुसती रिकामी जागा. शेवटी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा प्राण्याच्या जागी धरून काही सेकंद चित्रण. करड्या गोळ्यावरून उजेडाची दिशा आणि सावलीची धार कळते, चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे दिवे आणि खिडक्या उमटतात, त्यावरून संगणकात तोच उजेड उभा करतात. लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेऱ्याची उंची, झुकाव आणि प्राण्यापर्यंतचं अंतर वहीत लिहून ठेवा. हे लिहिलं नाही, तर मागाहून प्राणी जमिनीवर टेकतच नाही, सतत थोडा सरकतोय असा दिसतो.

उचलून घेण्याच्या दृश्यात वजन द्या. चार किलोचा प्राणी असेल, तर चार किलोची वाळूची पिशवी. रिकामे हात उचलले की खांदे सहज वर जातात आणि कोपरं बाहेर पडतात. खरं वजन असलं की पाठ आधी मागे जाते. मिठीसाठी एका रंगाच्या कापडात गुंडाळलेला फोमचा आकार करा, पण तो प्राण्यापेक्षा जरा बारीक हवा. बोटं केसांत रुतलेली दिसायची असतील, तर केसांच्या लांबीएवढी जागा सोडावीच लागते. पूर्ण मापाचा आकार दिला, तर बोटं केसांवर तरंगतात आणि मग मिठीची ऊबच जाते.

काही सिनेमांतले डिजिटल प्राणी बघून अंगावर काटा येतो. चूक कुठे होते?

तोंडाला दोष देण्याची घाई होते. आमच्या मते तोंडाचा क्रमांक शेवटचा. आधी डोळे बघा. बुबुळात खोलीतल्या खिडकीचं प्रतिबिंब नसेल, पापणी फक्त वाक्यांच्या मध्ये मिटत असेल, माणसासारखा मोठा पांढरा भाग दाखवला असेल, तर प्राणी भरलेल्या कातड्यासारखा वाटतो. मग वजन: गादीवर बसला तरी गादी दबत नाही, पावलाखाली सावलीची ती बारीक काळी रेघ नाही. मग श्वास. गप्प बसलेल्या प्राण्याच्या बरगड्या हलल्या पाहिजेत, आणि वाक्य सुरू होण्याआधी त्याने श्वास घेतला पाहिजे.

त्यानंतर तोंड. कुत्र्यामांजरांना माणसासारखे पुढे येणारे ओठ नाहीत. ‘ओ’ आणि ‘ऊ’साठी ओठांचा चंबू केला, की माणसाचं तोंड कुत्र्यावर लावल्यासारखं दिसतं. चांगले ॲनिमेटर तो मोह टाळतात. जबडा, ओठांचे कोपरे आणि जिभेचं टोक यावर भागवतात, आणि भाव कान, भुवया, शेपटीकडे सोपवतात. कुत्र्याच्या बाबतीत भुवई तर आयतीच मिळते. आतली भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला विकसित आहे, लांडग्यात जवळपास नसल्यासारखा, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

पटकथा लिहितोय. प्राण्याचं बोलणं कुणाकुणाला ऐकू यावं?

कुणालाही, पण ते पहिल्या दहा मिनिटांत ठरलेलं असावं आणि नंतर बदलू नये. सगळ्यांना ऐकू येतं आणि कुणालाच नवल वाटत नाही, ही सर्वांत मोकळी रचना. मग गोष्ट ‘हा बोलतो कसा’ यावर अडत नाही, ‘हा इथे राहील का’ यावर चालते. फक्त मुलाला ऐकू येतं, ही रचना हळवी आहे पण शिस्त मागते. मोठ्यांच्या नजरेतून घेतलेल्या एकाही शॉटमध्ये प्राण्याचं तोंड हलता कामा नये, आणि मूल एकटंच बडबडतंय असं दिसलं पाहिजे. प्राणी आपापसात बोलतात आणि माणसांना नुसतं भुंकणं ऐकू येतं, ही तिसरी. तिच्यात विनोद भरपूर मिळतात, पण माणूस आणि प्राणी यांच्यात खरा संवाद लिहिताच येत नाही. घरातल्या माणसांशी नातं हा तुमचा विषय असेल, तर ती घेऊ नका.

क्लायमॅक्सला नियम मोडून बाबांना अचानक बोलणं ऐकू येऊ लागतं, हा शेवट आम्हाला पळवाट वाटतो. त्याआधी बाबा तीनदा ‘ऐकू येईल-येईलसे’ झाले असतील, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक यादी लिहून भिंतीवर लावा: तो काय खातो, कुठे झोपतो, दार उघडू शकतो का, वाचता येतं का, अंगावर कपडे आहेत का. यातलं दार उघडणं विशेष महत्त्वाचं. एका प्रसंगात कडी काढणारा प्राणी पुढच्या प्रसंगात खोलीत अडकला, तर लहान मुलंच आधी ओरडतात. आणि शेवटची अडचण त्याच्या बोलण्याने सुटू नये, त्याच्या जातीच्या गुणाने सुटावी: वासाने, अंधारात दिसण्याने, लहान आकाराने. बोलूनच सोडवायचं होतं, तर माणूस चालला असता.

इंग्रजीतल्या अशा सिनेमाचं मराठी डबिंग करताना प्राण्यांचे संवाद सोपे जातात, की अवघड?

ओठ जुळवायला सोपे. आकार कमी असतात, त्यामुळे तोंड कुठे मिटतं आणि कुठे सर्वाधिक उघडतं एवढ्या जागा धरल्या की पुरतं. अवघड जातं ते डोकं. ॲनिमेटरने मानेचा झटका किंवा कान टवकारणं इंग्रजी वाक्यातल्या जोराच्या शब्दावर बसवलेलं असतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सरळ अनुवादात जोर शेवटी आणि झटका मध्येच, असं होतं. उपाय वाक्य फिरवण्याचा: बोलीभाषेत आपण क्रियापदानंतरही शब्द टाकतोच, तशी रचना घ्या. श्वास, हुंगणं, गुरगुरणं यांचा ट्रॅक मूळ सिनेमातूनच मिळणार आहे की नव्याने करायचा, हे आधी विचारा. नव्याने करायचा असेल, तर संवाद संपल्यावर, वेगळ्या बैठकीत करा. गुरगुरून घसा बसल्यावर संवाद नीट येत नाहीत.

सिनेमा बघितल्यापासून सहा वर्षांची मुलगी कुत्र्याला मिठ्या मारून ‘बोल ना’ म्हणते. काळजीचं आहे का?

बोलायला सांगणं नाही, मिठी आहे. पडद्यावर गळ्यात पडणं गोड दिसतं, कारण तिथे फोम असतो, किंवा शेजारी प्रशिक्षक उभा असलेला, सवय केलेला कुत्रा. बऱ्याच कुत्र्यांना घट्ट मिठीत अडकल्यासारखं होतं. तोंड फिरवणं, जांभई देणं, खाऊ नसताना ओठ चाटणं, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर दिसणं, अंग ताठ होणं, या त्याच्या ‘पुरे’च्या खुणा आहेत, गुरगुरणं त्याच्या बरंच नंतर येतं. मुलीला शिकवा की त्याला आपल्याकडे बोलवायचं, आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढायचा. तो जवळ सरकला तर पुन्हा, लांब गेला तर जाऊ द्यायचं. खाताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसेल, तेव्हा दोघांना एकत्र सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.